शेणातील प्रथिनांची तपासणी: अर्ज, कागदपत्रे आणि नमुना

अर्जावर ‘प्रथिने’ असा रकाना असला, तरी प्रयोगशाळा मोजते ते नत्र. प्रथिनांत सरासरी 16 टक्के नत्र धरतात, म्हणून आलेल्या आकड्याला 6.25 ने गुणले की ‘क्रूड प्रोटीन’ मिळते. अमोनिया आणि मूत्रातल्या युरियातले नत्रही यात मोजले जाते. त्यामुळे अर्जातला सर्वांत मोलाचा रकाना म्हणजे नमुन्याचा प्रकार: निव्वळ शेण की मूत्र मिसळलेले? तो रिकामा राहिला, तर अहवालातल्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

अर्ज गोठ्याचा मालक, पशुवैद्यक, आहार सल्लागार किंवा संशोधक करू शकतो. स्वतःच्या गाईंचे शेण तपासायला पशुपालकाला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. संशोधनासाठी गुदाशयातून नमुने घ्यायचे असतील, तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आधी हातात हवी. नमुना दुसऱ्या देशात जाणार असेल, तर लाळ्या-खुरकूतसारख्या रोगांच्या धास्तीने आयात परवाना मागतात. त्याला वेळ लागतो, तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

अर्जासोबत नमुन्यांची यादी, गाईंचा गट, व्यायल्यापासूनचे दिवस, नमुना घेतल्याची तारीख-वेळ आणि खाद्याचा तपशील जोडावा. खाद्यात किती प्रथिने होती हे माहीत नसेल, तर शेणातले कशाशी ताडून पाहणार? शक्य असेल तर त्याच दिवसाच्या खाद्याचाही नमुना द्या.

आता नमुना. बहुतेक चुका इथेच होतात. मूत्रातल्या युरियाला शेणातले युरिएज विकर भेटले की अमोनिया सुटू लागतो आणि नत्र हवेत जाते. म्हणून जमिनीवरचे जुने शेण उचलू नये; ताजे, मूत्र न लागलेले घ्यावे. एकाच गटातल्या आठ-दहा गाईंचे, दिवसातल्या वेगवेगळ्या वेळचे शेण एकत्र कालवून त्यातला भाग प्लास्टिकच्या रुंद तोंडाच्या बरणीत भरावा. बरणी काठोकाठ भरू नका, आत वायू तयार होतो. लगेच गोठवा आणि सुट्टीच्या तोंडावर पाठवू नका. उन्हात वाळवून पाठवण्याचा मोह होतो, पण वाळवताना अमोनिया उडतो. नत्र ओल्या नमुन्यावरच मोजावे, असे अर्जात लिहून द्या.

पद्धतीच्या रकान्यात केल्डाल किंवा ड्युमा यांपैकी एक निवडायची असते. केल्डाल पद्धत 1883 सालची: नमुना सल्फ्युरिक आम्लात उकळून नत्राचा अमोनिया करायचा आणि तो मोजायचा. ड्युमात नमुना जाळून नत्रवायू मोजतात. चालतात दोन्ही, मात्र तुलना करायची असेल तर दरवेळी एकच ठेवा.

अहवाल ओल्या वजनावर हवा की कोरड्या, हेही नमूद करा. कोरड्या वजनावरची 16 टक्के क्रूड प्रथिने, 85 टक्के पाणी असलेल्या शेणात ओल्या वजनावर 2.4 टक्केच दिसतात. पेंड किंवा मुरघास तापून काळपटला असल्याचा संशय असेल, तर आम्ल-डिटर्जंटमध्ये न विरघळणाऱ्या नत्राची तपासणी जादा मागा. उष्णतेने बांधले गेलेले, गाईला न पचणारे प्रथिन त्यात दिसते.