दांडा आलेला लसूण

फेब्रुवारी सरत आला की इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगरकडच्या गच्च्यांवर एक प्रश्न हमखास निघतो: लसणाला फूल येतंय, आता काय करायचं? विचारणाऱ्याच्या आवाजात थोडं कौतुक असतं, थोडी धास्तीही. कांद्याला डेंगळे आले की कांदा वाया गेला, हे घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं असतं. मग लसणाचंही तसंच असणार, असा हिशेब. तो हिशेब अर्धाच बरोबर आहे.

त्याआधी एक खातरजमा करून घ्यावी, की फुललाय तो लसूणच आहे ना. बंगल्यांच्या फाटकांवर चढवलेल्या लसूणवेलीला जांभळ्या फुलांचे घोस येतात आणि पान चुरडलं तर थेट लसणाचा वास येतो, पण तिचं लसणाशी काही नातं नाही. नर्सरीतून ‘लसूण पात’ म्हणून आणलेली, चपट्या पानांची आणि सहा पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांची जी रोपं कुंडीत वर्षानुवर्षं वाढतात, ती लसणाची चुलत भावंडं. ती फुलणारच, आणि त्यांच्याखाली गड्डा कधी बसणार नाही. खऱ्या लसणाचा दांडा ओळखायला सोपा असतो. कांद्याचा डेंगळा आतून पोकळ आणि मधे फुगीर. लसणाचा बारीक, भरीव, टोकाला लांब चोच असलेला. पुष्कळदा तो वर येता येता एक-दोन वेटोळी घेतो.

हा दांडा म्हणजे काय, ते समजायला लसणाची बांधणी थोडी पाहावी लागते. जमिनीवर आपल्याला दिसतं ते लसणाचं खोड नव्हेच. पानांचे देठ एकात एक गुंडाळून झालेली ती नळी असते. खरं खोड म्हणजे गड्ड्याच्या बुडाशी, मुळांच्या वर असलेली चकती, जी चिरताना आपण कापून फेकतो. त्या चकतीच्या मधोमध वाढीचा कोंब असतो आणि तो एकामागून एक पानं काढत राहतो. एका टप्प्यावर पान काढायचं सोडून तो फुलाच्या कामाला लागला, की दांडा वर येतो. त्यानंतर त्या झाडाला नवं पान नाही. आहेत तेवढ्याच पानांवर उरलेला संसार.

हे तुम्हाला आज स्वयंपाकघरातही पडताळता येईल. बाजारातून आणलेला गड्डा आडवा फोडा. मधोमध काडीसारखा कडक दांडा असेल आणि त्याच्याभोवती सहा ते दहा जाड पाकळ्या एकाच रांगेत बसलेल्या असतील, तर तो गड्डा दांडा आलेल्या झाडाचा. काडी नसेल, बाहेर मोठ्या आणि आत बारीक होत गेलेल्या पाकळ्यांचे थरावर थर असतील, सगळ्यात आतल्या सोलताना नखं दुखतील अशा असतील, तर झाड दांड्याविना वाढलेलं. आपल्या माळव्यातला देशी लसूण बहुतेक या दुसऱ्या जातीचा. मध्य प्रदेश हे देशातलं सगळ्यात जास्त लसूण पिकवणारं राज्य आणि मंदसौर, नीमच, रतलाम, इंदूर हा त्याचा गाभा. रतलाम जिल्ह्यातल्या रियावन गावच्या लसणाला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढ्या शेतांमधून फिरलात तरी दांडे दिसणार नाहीत, किंवा चुकूनमाकून दिसतील.

मग गच्चीवरच्या कुंडीतच ते का यावेत? खत जास्त झालं, पाणी कमी पडलं, माती बिघडली, असे अंदाज केले जातात. यांचा थोडाफार हात असतो, पण मुख्य कारण बहुतेक वेळा लावण्याच्या आधीच घडून गेलेलं असतं. लसणाचा कोंब फुलाकडे वळायला दोन गोष्टी लागतात: काही आठवड्यांची चांगली थंडी, साधारण ० ते १० अंशांच्या आसपासची, आणि त्यानंतर लांबत जाणारा दिवस. थंडी जमिनीतच लागली पाहिजे असं नाही. साठवणीतल्या पाकळीलाही ती लागते आणि लक्षात राहते. म्हणजे उन्हाळ्यात आणलेला लसूण खराब होऊ नये म्हणून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात गेला, ऑक्टोबरमध्ये त्याला हिरवे कोंब दिसले आणि ‘चला, लावून टाकू’ म्हणून कुंडीत आला, तर त्या पाकळीच्या लेखी एक कडक हिवाळा आधीच होऊन गेलेला असतो. वरून इंदूरची जानेवारीची थंडी.

दुसरी शक्यता वाणाची. इंदूरच्या चोइथराम मंडीत ‘देशी’ आणि ‘ऊटी’ वेगवेगळ्या भावानं विकला जातो, शिवाय हिमाचल आणि काश्मीरकडचा मोठ्या पाकळ्यांचा मालही येतो. मोठी पाकळी सोलायला बरी, म्हणून बागवाले हौसेनं तीच लावतात. पण पहाडी वाणांपैकी पुष्कळांची घडण जास्त थंडीची आणि लांब दिवसांची आहे. इंदूरमध्ये डिसेंबरात दिवस पावणेअकरा तासांचा असतो, मार्च अखेरीला बारा तासांच्या थोडा वर जातो आणि जूनमध्येसुद्धा साडेतेराच्या फारसा पुढे जात नाही. काश्मीरमध्ये जूनचा दिवस चौदा तासांहून मोठा. आपल्याकडे दिवस पुरेसा लांब व्हायच्या आतच पारा पस्तिशीला पोचतो आणि झाड गडबडीनं गाशा गुंडाळतं. असे वाण इथे कधी दांडा काढतात, कधी नुसती पात वाढवतात आणि गड्डा बसवतच नाहीत. आमच्या ओळखीतल्या एक काकू अशा लसणाची पात वर्षभर पिठल्यात घालतात आणि गड्ड्याची वाट पाहत बसत नाहीत. मला तर तेच शहाणपणाचं वाटतं.

आता त्या चोचीच्या आत काय आहे ते पाहू. दांडा कोवळा असताना टोकाची फुगलेली गाठ सुईनं हळूच चिरली, की पातळ, कागदी आवरण सुटतं. आत गर्दी असते. दोन-तीन मिलिमीटरचे पांढरे-जांभळट बारीक कंद एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि त्यांच्या फटींमधून केसासारख्या देठांवर इवल्या कळ्या डोकावतात. भिंगातून पाहिलं तर कळीला पाकळ्या, पुंकेसर, सगळं जागच्या जागी दिसतं. पण या कळ्या बहुधा उमलतच नाहीत. शेजारचे कंद फुगत जातात, कळ्यांच्या वाटणीचं अन्न ओढून घेतात आणि कळ्या सुकून जातात. उमलली एखादी, तरी तिचे परागकण बहुतेक निकामी. म्हणून लसणाला कांद्यासारखं काळं बी धरत नाही. ‘बी धरलं की गोळा करून ठेवू’ म्हणून दांडा राखणाऱ्याच्या हाती शेवटी येतात ते हे कंद. ते बी नसून त्याच झाडाचे तुकडे आहेत, आईची हुबेहूब नक्कल.

हे असं का झालं असावं, याचा एक धागा माणसापर्यंत येतो. हजारो वर्षं आपण लसूण पाकळीनंच लावत आलो. ज्या झाडानं फुलावर कमी खर्च केला आणि गड्ड्यात जास्त भरलं, त्याचीच पाकळी पुढच्या हंगामासाठी राखली गेली. फुलण्याची ताकद आपण नकळत निवडून काढून टाकली. ती पूर्ण संपली नव्हती, हे १९८० च्या दशकात कळलं. जपानचे ताकेओमी एतोह यांनी तेव्हाच्या सोव्हिएत मध्य आशियातून लसणाचे नमुने गोळा केले आणि त्यांत बी धरू शकणारी झाडं सापडली. तिएनशान पर्वताच्या आजूबाजूचा हा मुलूख लसणाचं माहेर मानला जातो. नंतर संशोधकांनी चिमट्यानं फुलोऱ्यातले कंद एकेक करून काढायचा उद्योगही केला, म्हणजे कळ्यांना अन्न मिळावं. बी धरू शकणाऱ्या वाणांत तो कामी आला. बी हवं कशाला? तर नक्कल करत राहिल्यानं नवे गुण येत नाहीत आणि एकदा शिरलेला विषाणू पिढ्यान्‌पिढ्या पाकळीबरोबर जात राहतो. नवा वाण घडवायचा तर बी लागतं. लसणाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा आनुवंशिक मजकूर, २०२० मध्ये वाचून झाला. तो माणसाच्या जीनोमच्या पाचपट मोठा निघाला. बटाट्याच्या भाजीत ठेचून घालायच्या वस्तूनं एवढा मोठा पोथीसंग्रह कशासाठी बाळगावा, असा प्रश्न पडतो खरा, पण त्यातला बराचसा भाग म्हणजे त्याच त्या मजकुराच्या पुन्हा पुन्हा निघालेल्या प्रती आहेत.

गच्चीवर परत येऊ. दांडा आला म्हणजे गड्डा गेला असं नाही. पाकळ्या खाली भरत राहतात, फक्त अन्नाला दोन वाटेकरी होतात. म्हणून दांडा काढायचा. काळी कसदार माती, शेणखत भरपूर, अशा वाफ्यात काढला-न काढला तरी फार फरक पडत नाही. उथळ कुंडीत, जिथे आधीच ओढाताण असते, तिथे पडतो. वेळ साधायची ती दांड्यानं पहिलं वेटोळं पुरं केल्यावर, किंवा सरळ वाढणारा असेल तर शेवटच्या पानाच्या वर वीतभर आल्यावर. त्याआधी काढलात तर खायला काही मिळत नाही आणि उशीर केलात तर तो दोरखंडासारखा चिवट होतो. ऊन चढल्यावर, पात कोरडी असताना, सगळ्यात वरच्या पानाच्या जरा वर हातानं वाकवून कट्‌कन मोडा. जखम लवकर सुकते. ओढून उपटू नका. आतली नळी फाटते आणि पाणी आत जातं. पानाला तर हातच लावायचा नाही. नवं पान येणार नाही हे लक्षात असू द्या. शिवाय गड्ड्यावरचं प्रत्येक पापुद्र्याचं कवच म्हणजे एकेका पानाचं बूड असतं. पानं कापली की कवचही कमी होतं.

मोडलेला दांडा टाकायचा मुळीच नाही. चीन आणि कोरियात याची भाजी बाजारात जुड्यांनी विकली जाते. चोच आणि खालचा राठ भाग काढून टाकायचा, उरलेल्याचे बोटभर तुकडे, जिरं-हिंगाची फोडणी, दोन हिरव्या मिरच्या, वरून दाण्याचं कूट. झाकण ठेवून पाचेक मिनिटं, बस. चव लसणाची, पण चावा सौम्य. लसणाचा झणका अख्ख्या पाकळीत तयार नसतो. ॲलिइन नावाचा पदार्थ आणि त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. कापल्या-ठेचल्यावर दोघं भेटतात आणि ॲलिसिन बनतं. दांड्यातही हाच खेळ चालतो, जरा हलक्या हातानं. चिरून लगेच फोडणीत टाकलंत तर उष्णतेनं विकर निकामी होतं आणि भाजी आणखी गोडसर लागते. झणका हवा असेल तर चिरून दहा मिनिटं थांबा. लसूण भाजी की मसाला, यावर आपल्याकडे कोर्टकज्जे झाले आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं तो भाजी धरला. दांड्याबद्दल असा वाद निघायचं कारण नाही.

कधी कधी दांडा बाहेर येतच नाही. गड्ड्याच्या वरची मान एका जागी फुगते, पानांची नळी उभी चिरते आणि फटीतून जांभळट कंदांचा पुंजका दिसतो. देशी लसणातही थंडीचा झटका बसला की असं होतं. हा रोग नव्हे. वर यायला निघालेला दांडा अर्ध्या वाटेत थांबला, एवढंच. तिथे चाकू चालवू नका, खाली गड्डा बसत असतो. बाजूनं गवतासारखे बारीक फुटवेच फुटवे निघत असतील तर मात्र नत्राचा, म्हणजे युरियाचा किंवा ओल्या खताचा हात आखडता घ्या आणि कधी कोरडं, कधी चिखल असं पाणी देऊ नका.

खरी फसगत होते ती काढणीला. देशी लसणाच्या माना आपोआप मऊ पडून लवंडतात आणि तीच काढणीची खूण आपण शिकलेलो असतो. दांडा आलेल्या झाडात मधे काठी उभी असते. वरचा भाग तुम्ही मोडला तरी मानेतला तुकडा तसाच राहतो. त्यामुळे मान पडत नाही. ती पडायची वाट पाहत बसलात तर मार्चच्या उन्हात जमिनीखाली गड्ड्याची कवचं फाटतात, पाकळ्या सुट्या होतात आणि असा लसूण टिकत नाही. इथे पानांकडे बघायचं. खालची निम्मी पानं वाळली आणि वरची हिरवी आहेत, तेव्हा पाणी तोडा आणि आठवड्याभरानं एक गड्डा उकरून पाहा. पाकळ्या बाहेरून टपोऱ्या जाणवत असतील आणि कवच अखंड असेल तर सगळा काढा. पातीसकट जुड्या बांधून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. मधे काडी असलेल्या लसणाची वेणी घालता येत नाही, प्रयत्नही करू नका. हा लसूण देशीपेक्षा कमी टिकतो, तेव्हा आधी तोच संपवा.

एक-दोन दांडे मात्र झाडावर ठेवायला हरकत नाही. आवरण फाटून कंद कडक झाले की दांडा कापून घरात उलटा टांगा. पावसाळ्याची ओल त्यांना बाधते, म्हणून हवा खेळेल अशी कागदी पिशवी बरी. ऑक्टोबरच्या मध्यात दोन सेंटिमीटर खोल पेरा. पहिल्या हंगामात गवतासारखी पात येते आणि खाली एकच गोल पाकळी बसते. ती खाता येते, किंवा पुढच्या वर्षी लावली तर पाकळ्यांचा गड्डा मिळतो. कंद फारच बारीक असतील तर आणखी एक वर्ष जातं. हे कंद मातीला टेकलेले नसतात, त्यामुळे जमिनीतली बुरशी आणि सूत्रकृमी त्यांच्याबरोबर येत नाहीत. आईच्या अंगातले विषाणू मात्र येऊ शकतात.

पुढच्या वर्षी दांडे नकोच असतील तर लावायचा लसूण फ्रिजबाहेर, कोरड्या सावलीत टांगलेला घ्या आणि देशी घ्या. ज्यांना दांड्याची भाजी आवडली, त्यांनी ऑगस्टच्या अखेरीस मोठ्या पाकळीचा एखादा गड्डा मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवून द्यावा आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्याच्या पाकळ्या वेगळ्या कुंडीत लावाव्यात. सगळ्यांना दांडे येतीलच असं नाही, वाणावाणाप्रमाणे फरक पडतो. कुंडी वेगळी असली, म्हणजे काढणीच्या वेळी कोणाच्या माना पाहायच्या आणि कोणाची पानं, हे लक्षात राहतं.