डीएससी आलेखातील शिखर का सरकते : भूलद्रव्ये, दाब आणि लिपिड पटल

डीएससी, म्हणजे नमुना तापवताना तो किती उष्णता शोषतो हे मोजणारी पद्धत. लिपोसोमचे (लिपिड, म्हणजे शेपट्या असलेले मेदरेणू, यांच्या पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांचे) नमुने या मोजणीसाठी पाठवणारे ग्राहक आम्हाला वारंवार विचारतात, की शुद्ध डीपीपीसी या लिपिडचे शिखर सुमारे ४१ अंश सेल्सिअसला येते, मग आमच्या नमुन्याचे ३९ अंशांना कसे आले? बहुतेक वेळा यंत्राचा दोष नसतो.

थंड असताना लिपिडच्या शेपट्या ताठ आणि दाटीने उभ्या असतात. या अवस्थेला जेल म्हणतात. तापमान वाढले की शेपट्या सैल होतात, पटल पातळ होऊन पसरते आणि त्यासाठी शोषली गेलेली उष्णता आलेखावर अणकुचीदार शिखराच्या रूपाने दिसते. ईथर, क्लोरोफॉर्म, लिग्नोकेन ही भूलद्रव्ये सैल पटलात सहज मुरतात, जेलमध्ये मात्र फारशी शिरत नाहीत. त्यामुळे, मिठाने पाण्याचा गोठणांक उतरावा त्याप्रमाणे, पटल कमी तापमानालाच वितळू लागते.

दाबाचा परिणाम याच्या उलट असतो. वितळताना लिपिडचे आकारमान सुमारे ४ टक्क्यांनी वाढते आणि दाब या वाढीला विरोध करतो, म्हणून दर १०० वातावरणांमागे (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाएवढा दाब) शिखर साधारण २ अंश वर चढते. मद्यार्काने निश्चेष्ट झालेले टॅडपोल (बेडकाची पिल्ले) शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली पुन्हा पोहू लागल्याचे जॉन्सन आणि फ्लॅगलर यांनी १९५० मध्ये नोंदवले, ते या संदर्भात आवर्जून आठवते. तरीही भूल पटलाच्या वितळण्यानेच चढते, असे यावरून ठरत नाही. अनेक संशोधक प्रथिनांकडे बोट दाखवतात, आणि आमचा आलेख औषधाच्या गुणाबद्दल काहीच सांगत नाही.

आमच्या यंत्रात बुडबुडे टाळण्यासाठी सुमारे ३ वातावरणांचा दाब ठेवला जातो. त्याने शिखर ०.१ अंशही हलत नाही. खरा संशय घ्यावा तो क्लोरोफॉर्मचा. लिपिडचा थर त्यातच विरघळवून तयार केला जातो आणि निर्वातात नीट सुकवला नाही, तर उरलेला अंश पटलात भूलद्रव्यासारखाच वागतो : शिखर उतरते, शिवाय बसके आणि रुंद होते. लिग्नोकेनच्या नमुन्यांत पीएचही महत्त्वाचा, कारण विद्युतभार नसलेले रेणू पटलात अधिक शिरतात.

म्हणून नमुन्याच्या नळीवर बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच आणि थर निर्वातात किती तास सुकवला, हे दोन्ही लिहावे, आणि औषध न घातलेला, त्याच दिवशी त्याच हाताने बनवलेला एक नमुना सोबत पाठवावा. त्याचे शुल्क आम्ही घेत नाही.