रोजचा पंप महाग का राहिला

ठाण्यात किंवा कोपरखैरण्यात कुठल्याही मेडिकलमध्ये विचारा, दम्याचा निळा पंप साधारण दोनशे रुपयांच्या आत मिळतो. रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा पंप मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीचा असतो आणि बहुतेकदा महिन्याभरात संपतो. त्यामुळे घरखर्चाची ओढाताण झाली की कात्री या रोजच्या पंपालाच लागते. दोनाऐवजी एकच पफ, पावसाळा सरला की बंद, पगार होईपर्यंत नुसत्या निळ्यावर भागवायचं. याला रुग्णाचा हलगर्जीपणा म्हणणं मला पटत नाही. हे दोन पंप वेगवेगळ्या काळात आले, आणि कायद्याने त्यांना वागवलंही वेगवेगळं.

हातात मावणारा, मोजून डोस देणारा पहिला पंप १९५६ साली अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजने आणला. कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. काचेचा नाजूक फवारा वापरून ती कंटाळली होती आणि केसांच्या स्प्रेसारखं औषध का मिळत नाही, असं तिने वडिलांना विचारलं होतं. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आलं, म्हणजेच आजचा निळा पंप. आवळलेल्या श्वासनळ्या तो काही मिनिटांत सैल करतो. त्या नळ्यांची आतली सूज उतरवणारं, रोजच्या पंपातलं स्टेरॉइड, बेक्लोमेथासोन, १९७२ च्या सुमारास पंपातून मिळू लागलं. पण मुळात सूज हाच दम्याचा गाभा आहे, हे वैद्यकात पक्कं रुजायला १९८० चं दशक उजाडलं. त्यानंतर ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन ही आणखी स्टेरॉइडं आली. पुढे स्टेरॉइड आणि नळ्या दीर्घकाळ मोकळ्या ठेवणारं औषध एकाच पंपात देणाऱ्या जोड्या आल्या. अनेक देशांत या प्रत्येक टप्प्यावर नवं पेटंट होतं.

भारत यातून बराच वाचला तो १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. १९७२ पासून लागू झालेल्या या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं थांबवलं, ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. सिप्लासारख्या कंपन्यांनी इथेच पंप बनवले. सोबत रोटाकॅपही रुळली. कॅप्सूल यंत्रात घालायची, फिरवायची आणि आतली पूड श्वासाबरोबर ओढायची. पंपासारखा एकरकमी खर्च करण्याऐवजी कॅप्सूल लागतील तशा घेता येतात म्हणून हातावर पोट असलेल्या घरांत ती टिकून आहे.

किमतीवरच्या नियंत्रणाची गोष्ट वेगळी आहे. १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात ७४ मूळ औषधं होती. त्यात साल्ब्युटामॉल होतं, गोळ्यांमधलं थिओफायलिनही होतं. ब्युडेसोनाइड नव्हतं. म्हणजे धाप लागल्यावरचं औषध सरकारच्या लेखी गरजेचं, आणि धाप लागूच नये म्हणून रोज घ्यायचं औषध बाजारावर सोडलेलं! माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत नुकसानकारक भाग हाच. कमी पैशांत लगेच आराम देणाऱ्या पंपावर विसंबण्याची सवय अशाच परिस्थितीत घट्ट होते. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही जोडी अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली २०१५ साली. तोवर २०१३ चा नवा आदेश लागू झाला होता. त्यानुसार यादीतल्या औषधासाठी एक टक्का किंवा अधिक बाजारहिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढून, वर किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के धरून कमाल किंमत ठरते. बाजारातले ब्रँडच महाग असतील तर ही मर्यादाही चढीच राहणार. शिवाय ती दर एप्रिलला घाऊक महागाईनुसार बदलते. २०२३ मध्ये १२ टक्क्यांहून अधिक वाढीला परवानगी होती. यादीबाहेरच्या पंपांची किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

२००५ मध्ये रेणूवरचं पेटंट परत आलं आणि नव्या औषधांची वाट अरुंद झाली. फुप्फुसाच्या जुनाट विकारात रोज घ्यायच्या इंडाकॅटेरॉलची स्वस्त आवृत्ती सिप्लाने २०१४ मध्ये आणली. पेटंट असलेली नोव्हार्टिस कंपनी पुरेसा माल पुरवत नाही, असं सिप्लाचं म्हणणं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये पेटंटचा मान राखत विक्री रोखली, आणि २०१७ मध्ये खंडपीठानेही तो निर्णय कायम ठेवला.

आपल्या भागात या सगळ्यावर कामगार विम्याचं छत्र होतं. १९६० च्या दशकात वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत झाली, पुढे ठाणे-बेलापूर पट्टा कारखान्यांनी भरला. विमा कापला जाणाऱ्या कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना औषध फुकट मिळायचं, आजही मिळतं. पण कारखाने बंद पडले, कामं कंत्राटावर गेली. २०१७ पासून २१ हजारांपेक्षा जास्त पगार असलेला नव्याने यात येऊ शकत नाही. असे लोक थेट मेडिकलच्या काउंटरवर येऊन पडले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयातल्या उपचारांवर आहे, महिन्याच्या पंपाचा खर्च तिच्यातून निघत नाही.

उरलेल्या वाटा मोजक्याच. जनऔषधी दुकानात ब्रँडऐवजी औषधाच्या नावाने चौकशी करावी, त्यासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तेच नाव लिहून घ्यावं. तीन महिने दमा आटोक्यात राहिला तर डोस कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं, पंप मनाने सोडू नये. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून नुसत्या निळ्या पंपावर राहणं धोक्याचं ठरवलं आहे. आणि घरात निवृत्त कामगार असेल तर कामगार विम्याच्या कार्यालयात आवर्जून जा. किमान पाच वर्षं विमा भरून वयोमानाने निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी औषधोपचार चालू ठेवता येतात.