स्टेथोची छोटी बाजू: बेल आहे का छोटा डायफ्रॅम?

ॲडमिशन झाली की नर्सिंगची, म्हणजे जीएनएम, बीएस्सीची पोरं-पोरी मिरजेत सर्जिकलच्या दुकानात स्टेथो (स्टेथोस्कोप) घ्यायला जातात, दुकानदार चार पीस काढून ठेवतो, सगळ्यांना एक मोठी बाजू एक छोटी बाजू, मग रंग बघून एक उचलायचा. मी पण तसाच घेतलेला. पोस्टिंगला मॅडम म्हणाल्या बेलनं ऐक, मी छोटी बाजू टेकवली, तर त्या म्हणाल्या ही बेल नाहीच, हा छोटा डायफ्रॅम आहे. तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं की छोटी बाजू दोन प्रकारची असते.

ओळखायला सोपं आहे. बेल म्हणजे उघडी वाटी, कडेला रबरी रिंग, आत बघितलं की भोक दिसतं. छोट्या डायफ्रॅमवर मोठ्या बाजूसारखाच पातळ पडदा असतो, फक्त आकार लहान, बाळाच्या छातीवर किंवा एकदम बारीक पेशंटच्या बरगड्यांमध्ये नीट बसावा म्हणून.

काम मात्र पूर्ण वेगळं. पडदा खालच्या पट्टीतले आवाज दाबतो आणि चढे आवाज स्पष्ट देतो, म्हणजे श्वास, व्हीझ (श्वासातली शिट्टी), पोटातले आवाज, एस वन आणि एस टू, म्हणजे हृदयाचे नेहमीचे दोन ठोके. बेल खालच्या पट्टीतलं घुमणं पकडते, हार्ट फेल्युअरमधला एस थ्री, म्हणजे हृदयाचा जादाचा तिसरा आवाज, किंवा मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची मायट्रल झडप अरुंद होणं) मर्मर, म्हणजे घरघर, तो तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवून एपेक्सला, म्हणजे हृदयाच्या टोकापाशी ऐकायचा असतो. आणि बेल हलकीच टेकवायची बरं का, दाबली की खालची कातडीच ताणली जाते आणि तीच पडद्याचं काम करायला लागते. बेलनं वेगळं काहीच ऐकू येत नाही म्हणणारे बरेच जण दाबूनच धरत असतात.

लिटमन कंपनीच्या स्टेथोमध्ये अजून गोंधळ होतो. त्यांच्या लाइटवेट टू मॉडेलला एका बाजूला खरी बेल असते, वजन साधारण ११८ ग्रॅम. क्लासिक थ्री साधारण १५० ग्रॅमचा आणि दोन्ही बाजूंना डायफ्रॅम. हे डायफ्रॅम ट्यूनेबल आहेत, म्हणजे हलकं टेकवलं तर खालचे आवाज, जरा दाबलं तर चढे आवाज, चेस्टपीस (छातीवर टेकवायचा भाग) उलटा करायची गरज नाही. क्लासिकचा छोटा पडदा काढून तिथं रबरी रिंग बसवली की ती बाजू बेल होते, हे तर कित्येक स्टाफला पण माहीत नसतं.

बीपीचं सगळे विचारतात. बीपी घेताना हाताच्या धमनीत ऐकू येणारे कोरोटकॉफचे आवाज खालच्या पट्टीतले, त्यामुळं पुस्तकाप्रमाणं बेल चांगली, पण वॉर्डात एका हातात पंप असताना मोठा डायफ्रॅम धरायला सोपा जातो आणि तो चालतो. फक्त चेस्टपीस कफच्या (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याच्या) खाली कोंबू नका.

माझं मत विचाराल तर फर्स्ट इयरला खरी बेल असलेला साधा स्टेथो घ्या, महागाचा नको. दोन बाजूंचा फरक कान एकदा शिकला की मग ट्यूनेबलवर किती दाबायचं ते हाताला आपोआप कळतं, आधी ट्यूनेबलच घेतला तर अवघड जातं. पुढं पेडियाट्रिकला (लहान मुलांच्या विभागात) गेलात तर छोटा डायफ्रॅम लागेलच, तेव्हा क्लासिक घ्या.

घेताना इअरटिप नाकाच्या दिशेनं वळवून कानात घाला, चेस्टपीस फिरवून दोन्ही बाजूंवर बोटानं हळू टकटक करा, एका वेळी एकच बाजू वाजली पाहिजे. आणि क्लासिक घेत असाल तर बॉक्समध्ये बेलची रिंग आहे का ते दुकानातच उघडून बघा, ती नसेल तर बेल कशी करणार.