वैमानिकांचे करार आणि निवृत्तिवेतन (अमेरिका)

अमेरिकेतील विमान कंपनी आणि तिच्या वैमानिकांची संघटना यांच्यात होणारा सामूहिक करार. पगार, उड्डाणाचे तास, सुट्ट्या, तळ (जिथून वैमानिकाच्या फेऱ्या सुरू होतात तो विमानतळ), बढती आणि निवृत्तीनंतरचे लाभ हे सारे त्यात ठरते. बहुतेक कंपन्यांतील वैमानिकांच्या वतीने १९३१ मध्ये स्थापन झालेली ‘एअर लाइन पायलट्स असोसिएशन’ वाटाघाटी करते. अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक १९६३ मध्ये तिच्यातून बाहेर पडले आणि त्यांनी ‘अलाइड पायलट्स असोसिएशन’ काढली. साउथवेस्टच्या वैमानिकांचीही स्वतंत्र संघटना आहे.

या कराराचा कणा म्हणजे ज्येष्ठता यादी. रुजू झाल्याच्या तारखेनुसार प्रत्येकाला क्रमांक मिळतो. कोणते विमान, कोणता तळ, महिन्याच्या कोणत्या फेऱ्या, नोव्हेंबरच्या अखेरीस येणारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी कोणाला, हे त्या क्रमांकावर ठरते. कंपनी बदलली की क्रमांक जातो. वीस वर्षांचा कॅप्टनही नव्या कंपनीत यादीच्या तळाशी, नवख्या सहवैमानिकाच्या पगारावर सुरुवात करतो. म्हणून असमाधानी वैमानिक सहसा सोडून जात नाही. जे मिळवायचे ते आहे तिथेच, करारातून मिळवावे लागते. ज्येष्ठतेचा प्रश्न भारतातही किती नाजूक आहे हे २०१२ मध्ये दिसले. एअर इंडियात विलीन झालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना बोइंग ७८७ चे प्रशिक्षण देण्यावरून मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांच्या ‘इंडियन पायलट्स गिल्ड’ने ५८ दिवसांचा संप केला.

अमेरिकेत वाटाघाटी ‘रेल्वे लेबर ॲक्ट’खाली चालतात. हा कायदा १९२६ चा; १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांना लागू झाला. या कायद्यात कराराची मुदत संपत नाही. ठरलेल्या तारखेनंतर त्यात दुरुस्ती मागता येते, पण नवा करार होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. थेट बोलणी फसली तर ‘नॅशनल मीडिएशन बोर्ड’ मध्यस्थी करते. मंडळाने लवाद सुचवायचा, तो कोणी नाकारला तर ३० दिवस थांबायचे आणि त्यानंतरच संप किंवा टाळेबंदी. मध्यस्थी कधी संपवायची हे मंडळच ठरवते आणि त्याला कालमर्यादा नाही. जुन्या दराने पगार देत राहण्यात कंपनीचा फायदा असल्याने हा विलंब व्यवहारात कर्मचाऱ्यांनाच जास्त महागात पडतो. शेवटी राष्ट्राध्यक्षही आड येऊ शकतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप सुरू होताच बिल क्लिंटन यांनी काही मिनिटांत तो थांबवला.

निवृत्तिलाभांचे पूर्वी दोन भाग असत. वैमानिक त्यांना ‘ए फंड’ आणि ‘बी फंड’ म्हणत. ए फंडात सेवेची वर्षे आणि अखेरच्या काळातील सरासरी पगार यांवरून आजन्म पेन्शन ठरे. त्यासाठी पैसा बाजूला ठेवण्याची जबाबदारी कंपनीची. बी फंडात वैमानिकाच्या नावे रक्कम जमा होई. संघटनांनी कित्येकदा पगारवाढीवर पाणी सोडून ए फंड मजबूत करून घेतला होता. तो मागे ठेवलेला पगारच होता.

११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर काही बड्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि हा ए फंड कोसळला. दिवाळखोरी न्यायालयाच्या परवानगीने यूएस एअरवेजने २००३ मध्ये वैमानिकांची पेन्शन योजना बंद केली. मे २००५ मध्ये युनायटेडला सर्व पेन्शन योजना ‘पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन’ या सरकारी विमा महामंडळावर सोपवायला मंजुरी मिळाली. त्यांतील तूट सुमारे ९.८ अब्ज डॉलर होती. डेल्टाच्या वैमानिकांची योजना २००६ मध्ये संपली.

महामंडळाच्या हमीला कमाल मर्यादा असते. २००४ मध्ये संपलेल्या योजनांसाठी, म्हणजे युनायटेडच्या वैमानिकांसाठी (त्यांची योजना मागील तारखेने, डिसेंबर २००४ मध्येच संपल्याचे धरले गेले), ६५ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला ती वर्षाला सुमारे ४४,४०० डॉलर होती. लवकर निवृत्त झाल्यास ती घटते. ६० व्या वर्षी ती ६५ टक्के, म्हणजे सुमारे २८,८५० डॉलर उरते. आणि सरकारच्याच नियमाने वैमानिकाला ६० व्या वर्षी विमान सोडणे भाग होते! एका सरकारी खात्याने घरी बसवायचे आणि दुसऱ्याने ‘लवकर निवृत्त झालात’ म्हणून रक्कम कापायची, हा उघड अन्याय होता. निवृत्तीचे वय ६५ झाले ते डिसेंबर २००७ मध्ये, तोवर या वैमानिकांच्या योजना गेल्या होत्या. हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जणांचे प्राण वाचवणारे कॅप्टन चेस्ली सलनबर्गर यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर आपला पगार ४० टक्के कापला गेल्याचे आणि पेन्शनच्या जागी कवडीमोल हमी उरल्याचे सांगितले.

दिवाळखोरीत हाच एक मार्ग होता असे नाही. नॉर्थवेस्टने आणि २०१२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने वैमानिकांची योजना रद्द न करता गोठवली. तिच्यात नवी भर थांबली, पण तोवर कमावलेली पेन्शन टिकली.

आता बड्या प्रवासी कंपन्यांत मुख्यतः बी फंडाच्या धर्तीची खाती उरली आहेत. आपल्याकडच्या भविष्य निर्वाह निधीप्रमाणे रक्कम वैमानिकाच्या नावावर असते, कंपनी बुडाली तरी ती जात नाही. मात्र बाजार पडल्याचा धोका त्याचा त्याला सोसावा लागतो. महासाथीनंतर वैमानिकांचा तुटवडा पडला आणि संघटनांचे पारडे जड झाले. मार्च २०२३ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढ देणारा करार मंजूर केला. युनायटेड आणि अमेरिकनचे करार त्याच वर्षी झाले. या करारांत कंपनी वैमानिकाच्या वर्गणीची अट न घालता पगाराच्या १६ ते १८ टक्के इतकी रक्कम निवृत्ती खात्यात भरते.