आग्या मोहोळातला फक्त मधच कापायचा

मेळघाटातल्या रानमधाचा मोठा वाटा आग्या मधमाशीचा. सातेरी माशी लाकडी पेटीत नांदते, आग्या नांदत नाही. उंच फांदीखाली किंवा कड्याला ती एकच उघडे पोळे बांधते, कधी कधी चांगले मीटरभर रुंद. त्यामुळे तिचा मध रानात जाऊनच काढावा लागतो.

जुनी रीत अशी: अंधाऱ्या रात्री टेंभा पेटवायचा, धुराने आणि जाळाने माश्या उठवायच्या, सबंध पोळे उतरवून पिळायचे. यात हजारो माश्या होरपळतात. पण मध काढणाऱ्याला निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. आग्याचा थवा चवताळला तर माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि अंगात साधा सदरा असताना आगीखेरीज त्याच्या हाती दुसरे होते काय?

उपाय पोळ्याच्या रचनेतच आहे. मध साठतो फांदीलगतच्या वरच्या जाड भागात, बहुधा एका कडेला. अंडी, अळ्या आणि कोष त्याच्या खाली असतात. जाळीचा टोप आणि जाड पोशाख घालून, दोराच्या आधाराने चढून मधाचा तेवढाच भाग कापला, तर खालची पिल्ले वाचतात. पिल्ले असली की माश्या सहसा पोळे सोडत नाहीत. फुलोरा टिकून असेल तर कापलेली जागा त्या पुन्हा भरतात आणि त्याच पोळ्यातून परत मध मिळतो. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने या पद्धतीचे प्रशिक्षण गावोगावच्या मध काढणाऱ्यांना दिले आहे.

भावाचाही प्रश्न आहे. पोळे पिळले की अळ्यांचा रस आणि पराग मधात उतरतात. आग्याचा मध मुळातच पातळ. त्यात पाणी जास्त राहिले की यीस्ट वाढते, मध फसफसतो, आंबतो. माश्या पंखांनी वारा घालून मकरंदातले पाणी उडवतात आणि मध पिकला की घरांवर मेणाची झाकणे चढवतात. म्हणून झाकणे बसलेला भागच कापावा, झाकणे सुरीने काढून मध निथळू द्यावा, पिळू नये.

2006च्या वनहक्क कायद्याने मधाला गौण वनोपजात धरले आहे आणि त्यावर वनवासी गावांचा मालकी हक्क मानला आहे. मोहोळाला जाळ लावायचा नाही, असा ठराव त्यामुळे ग्रामसभाच करू शकते. पोशाख, दोर आणि स्टीलच्या बादल्या गटाने मिळून घेतल्या, तर खर्च एका घरावर पडत नाही.