रेंज फुल, तरी नेट का रडतंय?

‘रेंज फुल म्हणजे स्पीडही फुल’ हा समज जुना, आणि चुकीचा. वायफायच्या त्या काड्या फक्त सिग्नलचा जोर दाखवतात, शेजारच्या राउटरांचा गोंगाट नाही. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचं १९४८चं सूत्र, जे डेटा कमाल किती वेगाने जाऊ शकतो ते सांगतं, मात्र या दोहोंचं गुणोत्तर बघतं. २० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल (म्हणजे राउटर वापरतो ती रेडिओलहरींची पट्टी) आणि एकच अँटेना घ्या. सिग्नल गोंगाटाच्या हजारपट असेल, तर कमाल मर्यादा सेकंदाला साधारण २०० मेगाबिट. दोन्ही बरोबरीत आले की फक्त २०. काड्या तेवढ्याच! (प्रत्यक्षात हातात याहून कमीच पडतं.) वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. हुशारी करून ३ निवडलात, तर १ आणि ६ दोघांचाही त्रास ओढवून घ्याल.